शेवटच्या कोपऱ्यातलं बटण

धाकटीनं ‘पाठवा’वर बोट टेकवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली होती आणि तिच्याखाली एक ओळ उमटली होती : ‘तुमचं ॲप तपासणीसाठी मिळालं आहे.’ ओळ तिला तोंडपाठ होती. पंधरा दिवसांत ती तिसऱ्यांदा वाचत होती.

“झालं का गं?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“पाठवलंय.”

“म्हणजे झालं एकदाचं.”

“पाठवलं म्हणजे झालं नाही, आई. स्टोअरवाले ते उघडून बघणार, सगळी बटणं दाबून बघणार, आणि पसंत पडलं तरच ते लोकांना मिळणार.”

“पण बघणार कोण?”

जगाच्या पाठीवर कुठंतरी, कुठल्याशा टेबलाशी एक माणूस बसलेला असणार, एवढंच धाकटीला ठाऊक होतं. त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, आणि आतापर्यंतच्या अनुभवावरून दयामायाही नव्हती. पहिल्या खेपेला त्यानं ॲप परत धाडलं, कारण खासगी माहितीबद्दलचं पान उघडत नव्हतं. दुसऱ्या खेपेला परत धाडलं, कारण आत शिरायला ‘घरा’चा, म्हणजे ॲपमधल्या कुटुंबाच्या खात्याचा, पासवर्ड लागत होता आणि तो त्याला कुणी दिलाच नव्हता. दोन्ही पत्रं मोठी अदबशीर होती, चार-चार परिच्छेदांची, आणि त्यांचा सगळा मथितार्थ आबांच्या दोन शब्दांत बसणारा होता : परत या.

आबा म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी लायसनच्या टेस्टा घेतल्या. पटांगणात आखलेल्या पांढऱ्या पट्ट्या, हातात पॅड, नाकावर चष्मा, आणि चुकणाऱ्याला एवढंच : “परत या.” कुठं चुकलं ते सांगायचे नाहीत. ज्याचं त्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना पाठीमागं नापाससाहेब म्हणत. आई म्हणायची, “मला बघायला आले तेव्हा पॅड घरी विसरले होते, म्हणून मी पास झाले.”

ते आबा आता आतल्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर होते. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत सगळं होतं आणि डावा हात हलत होता. त्या एका हातासाठी धाकटीनं ॲप बनवलं. टॅबलेटवर बारा चौकोन, चार ओळींत तीन-तीन. चौकोन दाबला की टॅबलेट आबांच्याच आवाजात बोलायचा आणि आई-धाकटीच्या फोनवर तोच आवाज, तोच निरोप जायचा. आवाज तिनं जुन्या व्हिडिओंमधून एकेक शब्द कापून जमवला होता. ‘नको’ तर हवे तेवढे मिळाले. ‘ये’ मात्र शोधून शोधून एकच सापडला. शेजाऱ्यांची नवी गाडी मागं घेताना आबा रस्त्यात उभे राहून सांगत होते, “ये, ये, ये… थांब.” त्यातला पहिला ‘ये’ तिनं घेतला.

आबांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी ते पाहिलं आणि त्या हरखल्याच. त्यांच्या केंद्रात असेच अकरा पेशंट होते. “सोमवारी सगळ्यांच्या घरी सुरू करू,” त्या म्हणाल्या. “पण स्टोअरवर असेल तरच हं. कुणाच्या लेकीनं घरी केलेलं मला असंच वाटून टाकता येत नाही. नाहीतर आहेच ते दुसरं.” त्या दुसऱ्या ॲपमधली यांत्रिक बाई ‘पाणी’ असं काही म्हणायची, की माणसाची तहानच मरून जावी.

आज शुक्रवार होता. शनिवार-रविवार तपासणारा सुट्टीवर असणार, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

आणि खरं सांगायचं तर अकरा पेशंटही नंतरचे. धाकटीनं हा सगळा उपद्व्याप एका बटणासाठी केला होता. शेवटच्या ओळीत माणसांचे फोटो होते : आई, धाकटी, आणि अगदी उजव्या कोपऱ्यात दादा. फोटो दाबला की फक्त त्याच माणसाच्या फोनवर ‘ये’ जायचं. कोणतं बटण किती वेळा दाबलं त्याची नोंद ॲप ठेवायचं. आठ महिन्यांत ‘नको’ चारशे बारा, ‘पाणी’ तीनशे सहा, ‘आई’ दोनशे एक्काहत्तर, आणि दादा शून्य. दादाचा फोटो काढून टाकावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण आई म्हणाली, “असू दे. चौकोन रिकामा दिसेल.” निदान त्या अकरा घरांत तरी कुणीतरी कुणालातरी बोलावेल, असं धाकटीनं स्वतःला सांगून ठेवलं होतं.

दादाची गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. त्याला मोठी गाडी चालवायची होती. दोनदा नापास झाला, ते दुसऱ्या साहेबांकडं. तिसऱ्यांदा ते साहेब रजेवर होते. लोक म्हणाले, उद्या घ्या, पोराची टेस्ट बापानं घेऊ नये. आबा म्हणाले, पट्टी सगळ्यांना सारखी. गाडी मागं घेताना दादाचं चाक पट्टीवर चार बोटं चढलं. “परत या,” आबा म्हणाले, सगळ्यांदेखत, स्वतःच्या मुलाला, तेही ‘या’ असं. त्या संध्याकाळी घरात जे झालं त्यातलं बाकीचं धाकटी विसरली, पण शेवटचं विसरली नाही. दादा म्हणाला होता, “घरात राहायलाही तुमची सही लागते का?” आणि आबा म्हणाले होते, “मी बोलावल्याशिवाय या दारात पाय ठेवायचा नाही.”

त्यानं ठेवला नाही. दुसऱ्या शहरातून लायसन काढलं, दुधाच्या टँकरवर लागला. आबांना झटका आला तेव्हा तीन दिवस हॉस्पिटलच्या आवारात टँकरमध्ये बसून होता. डबा वर पाठवायचा, औषधं आणून द्यायचा, वर यायचा नाही. “त्यांनी बोलावलंय का?” एवढंच विचारायचा. आईनं आबांना विचारलं, “बोलावू त्याला?” आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि इथं तर दोन्ही सुंभ एकाच कारखान्यातले.

अकरा वाजून गेले आणि लॅपटॉपवरचा शब्द बदलला. ‘प्रतीक्षेत’ होतं तिथं ‘तपासणी सुरू’ आलं.

धाकटी उठली, पुन्हा बसली. टेबलावरचे कप उचलून परत तिथंच ठेवले. आई वाळलेले कपडे आणायला खालच्या अंगणात गेली होती. घरात पंख्याचा तेवढा आवाज होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

‘आबांना पाणी हवंय.’ आणि आबांचा आवाज : “पाणी.”

ती भांडं भरून आत गेली. आबा झोपले होते. टॅबलेट स्टँडवर, पडदा काळा. डावा हात पांघरुणाच्या आत.

फोन पुन्हा वाजला. ‘आबांना भूक लागलीय.’

ती पांघरुणाकडं बघत राहिली. पांघरूण छातीपाशी वर-खाली होत होतं, बाकी काही हललं नव्हतं.

‘आबांना दुखतंय.’

जिन्यावर पावलं धडधडली. आई कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभी राहिली, तिला धाप लागली होती. “कुठं दुखतंय? काय झालं यांना?”

“काही नाही. झोपलेत.”

“अगं, मग बोललं कोण?”

काय झालं ते धाकटीला त्या क्षणी लख्ख कळलं. तपासणाऱ्याला आत येऊन बघायला एक घर द्यायचं होतं. नवं घर उघडलं तर त्यात माणसं नाहीत, फोटो नाहीत, आवाज नाही. असलं ओसाड घर दाखवायचं कसं? म्हणून काल तिनं आपलंच घर जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्याला वेगळा पासवर्ड लावला आणि पाठवून दिलं. उतरवताना घराबरोबर माणसांचे फोन नंबरही उतरले. फ्रिजवर आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेली पाटी होती : ‘अति घाई संकटात नेई.’ रोज फ्रिजमधून दूध काढताना ती वाचायची, आणि शेवटी नको तेच केलं.

“आई, तू यांच्यापाशी बस. फोन वाजला तरी धावू नकोस.”

ती लॅपटॉपकडं पळाली. नोंदीच्या पानावर एकेक ओळ खाली पडत होती. तपासणारा शिस्तीचा होता. पहिली ओळ संपवून दुसरीला लागला होता, डावीकडून उजवीकडं, मध्ये चार-पाच सेकंद थांबत. ‘उकडतंय.’ मग लगेच, ‘थंडी वाजतेय.’

“यांना ताप चढलाय का गं?” आतून आई.

“नाही, आई!”

सगळं घरच बंद करायचं तर एक बटण पुरे होतं. पण मग त्या माणसाच्या तोंडावर दार आपटलं असतं, आणि त्यानं तिसऱ्यांदा ‘परत या’ म्हटलं असतं. सोमवार गेला असता. त्यापेक्षा नंबर पुसावेत. तिनं यादी उघडली. तीन नंबर. पहिला आईचा, तो पुसला. आतल्या खोलीत आईचा फोन गप्प झाला. दुसरा तिचा स्वतःचा, तोही पुसला.

‘चष्मा.’ दुसरी ओळ संपली.

तिसरा नंबर दादाचा. तिनं त्यावर खूण केली. नंबर निळा झाला. आता फक्त एक कळ.

‘हो.’ चार सेकंद. ‘नको.’ पाच सेकंद. ‘बाथरूम.’

बोट कळीवर होतं. कळ गार लागत होती. नोंदीत ‘आई’ची ओळ पडली. मग ‘धाकटी’. तिचा फोन शेजारी मुका पडून राहिला. आता पुसलं तर वेळेवर पुसलं जाईल, असं तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं पुसलं नाही. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

‘दादा. ये. ११.४०.’

त्यापुढं छोटी अक्षरं आली : ‘पोचला.’ आणि थोड्या वेळानं : ‘ऐकला.’

तिनं हात मांडीवर घेतले.

फोन आला तो पाच मिनिटांनी. मागं इंजिन घरघरत होतं.

“बारके.” बारकी म्हणणारा जगात दादा एकटाच.

“बोल.”

“आबांचा आवाज आलाय फोनवर.”

“हं.”

“‘ये’ म्हणतायत.”

पलीकडं इंजिन बंद झालं, आणि शांततेत त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

“त्यांनीच दाबलं ना?”

धाकटीनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं. “नाव कुणाचं आलंय तुझ्या फोनवर?”

“आबा.”

“मग मला काय विचारतोस?”

“गाडी रिकामी व्हायला तासभर लागेल,” दादा म्हणाला. “मग निघतो.”

तिनं फोन ठेवला. ती खोटं बोलली नव्हती. खरंही बोलली नव्हती. आणि तो नऊ वर्षांनी जिना चढून येणार, दारात उभा राहणार, आणि आबा डावं बोट उचलून ‘नको’ दाबणार. चारशे तेरावं. तेही साधंसुधं नाही, ठणठणीत आवाजात, तिनंच कापून, साफ करून, वाढवून ठेवलेल्या आवाजात. त्यानंतर दादा कुठल्या बटणानं परत आला असता?

साडेबाराला स्टोअरचं पत्र आलं. या वेळी छोटं होतं. चित्रं स्पष्ट आहेत, आवाज चांगले आहेत. ‘मात्र माणसांना बोलावण्याची सोय चालते असं आम्हाला आढळलं नाही. आम्ही तिन्ही बटणं दाबली आणि वाट पाहिली. कुणीही उत्तर दिलं नाही. ही सोय कशी चालते, ते आज संध्याकाळपर्यंत कळवल्यास फेरविचार करता येईल.’

धाकटीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ज्या दोघींनी लगेच उत्तर दिलं असतं त्यांचे नंबर तिनंच पुसले होते. तिसरा, दादा, टँकर रिकामा होण्याची वाट बघत उभा होता. काय कळवायचं होतं त्या भल्या माणसाला? तिनं लॅपटॉप अर्धवट मिटला आणि आईला बाहेर बोलावून सगळं सांगितलं.

शेवटी आई एवढंच म्हणाली, “तो निघालाय?”

“एव्हाना निघाला असेल.”

आईनं पदरानं ओठ पुसले, उगाचच. मग म्हणाली, “यांना सांग.”

“तू सांग ना, आई.”

“घोळ तू घातलास. तूच निस्तर.”

आबा जागे झाले होते. धाकटी पलंगाशी उभी राहिली. लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन उभी राहायची तिथंच, तशीच.

“आबा, माझ्या हातून चूक झालीय.”

आबांनी डोळे तिच्याकडं वळवले. तिनं सांगितलं. तपासणारा, उतरवून घेतलेलं घर, नंबर. नंबर पुसायला वेळ होता आणि पुसला नाही, तेही सांगितलं. “दादाला तुमच्या नावानं निरोप गेला. तुम्ही दाबलं नव्हतं. त्याला वाटतंय तुम्हीच बोलावलंत. तो रस्त्यात आहे. नको असेल तर दाबा. मी त्याला फोन करून खरं काय ते सांगते, आणि तो तिथूनच मागं फिरेल.”

तिनं स्टँड त्यांच्यापुढं ओढला. पडदा उजळला. आबांचा हात पांघरुणातून निघाला, वर आला, आणि बोट पडद्यासमोर हवेत थांबलं. फोटोंच्या वरच्या ओळीपर्यंत आलं. ‘हो’वरून पुढं सरकलं. ‘नको’पाशी थांबलं. आई दाराची चौकट धरून उभी होती.

बोट थोडं वर गेलं, थोडं उजवीकडं.

“चष्मा,” टॅबलेट म्हणाला.

धाकटीनं चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. झटक्यानंतर ते फारसा लावायचेच नाहीत. आबांनी मान खिडकीकडं वळवली आणि खालच्या गल्लीकडं बघत राहिले. पुढं काही दाबलं नाही. ‘हो’ नाही, ‘नको’ नाही. पेपर घेऊन निकाल न लावता बसवून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतंच.

दोन वाजून गेले. आईनं तिसऱ्यांदा उंबऱ्याजवळच्या चपला सरळ केल्या. मग गल्लीच्या तोंडाशी मोठं इंजिन धपापलं, आणि गाडी मागं येताना वाजतो तो पीं-पीं आवाज सुरू झाला.

गल्ली म्हणजे नावाला गल्ली. एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब आणि शेजाऱ्यांची स्कूटर. तोंडानं आत घातलेला टँकर इथून बाहेर निघालाच नसता, त्यामुळं तो पाठमोराच आत येत होता. वाट दाखवायला खाली कुणी नव्हतं. आबांची मान ताठ झाली. डावा हात पांघरुणावर होता, त्याची बोटं हळूहळू स्वतःकडं वळत होती, ये, ये, ये, अशी, आणि ते त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. टँकर खांबाला चुकवून, स्कूटरला न लागता, एका दमात आत आला. मागचं चाक गटाराच्या काठाला धरून आलं आणि खिडकीखाली थांबलं. आबांचा हातही थांबला.

दादा खाली उतरला. कानापाशी केस पांढरे झाले होते. त्यानं गाडीचं दार लावलं नाही. दारावर हात ठेवून उभा राहिला.

“अरे, ये ना वर!” आईनं त्याच खोलीच्या दुसऱ्या खिडकीतून हाक मारली. “उभा काय राहिलास?”

तो हलला नाही. आईकडं बघून हसला, आणि मग त्याची नजर शेजारच्या खिडकीकडं गेली, जिथं चष्म्याची काच चमकत होती.

“बारके,” तो खालूनच म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण गल्ली अरुंद, सगळं वर ऐकू येत होतं. “फोनवर तू नीट बोलली नाहीस. आता खरं सांग. त्यांनी दाबलं होतं का?”

म्हणजे अख्खा रस्ता हा प्रश्न त्याच्या शेजारच्या सीटवर बसून आला होता. धाकटीनं आईशेजारी खिडकीचे गज धरले. आता मात्र पळवाट नव्हती. तिनं तोंड उघडलं.

तिचा फोन वाजला.

‘आबा तुला बोलावतायत.’ “ये.”

ती गर्रकन वळली. आबांचा हात टॅबलेटवर होता. बोट शेवटच्या ओळीत, मधल्या फोटोवर, तिच्या फोटोवर. पण आबा तिच्याकडं बघत नव्हते. ते उजव्या कोपऱ्याकडं बघत होते. पडलेल्या माणसाच्या डाव्या हाताला त्या पडद्यावरचा सगळ्यांत अवघड चौकोन तोच होता, हे तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा दिसलं. फोटो लावताना तिनं वयाचा, मानाचा कसलाच विचार केला नव्हता, जागा उरली तिथं लावला होता. ती टॅबलेट पुढं सरकवायला धावली.

आईनं तिचं मनगट पकडलं. “थांब. त्यांचं त्यांना करू दे.”

बोट उचललं गेलं. हवेत डगमगलं. खांदा गादीवरून सुटला, तोल गेल्यासारखा झाला, आबांच्या कपाळावर घाम आला. बोट पुढं गेलं, आणखी पुढं गेलं, आणि टेकलं.

“ये,” टॅबलेट म्हणाला.

आणि खाली गल्लीत, दादाच्या खिशात, तोच आवाज तेच म्हणाला.

दादानं फोन काढून पाहिला. वर पाहिलं. मग त्यानं गाडीचं दार लावलं, आणि जिन्यावर दोन-दोन पायऱ्यांची पावलं वाजू लागली.

धाकटी बाहेरच्या खोलीत आली. दादा तिच्या शेजारून गेला, जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारून गेला, आणि आतल्या दाराशी थबकला. तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. तिनं लॅपटॉप उघडला, स्टोअरचं पत्र पुन्हा समोर आलं, उत्तराच्या रकान्यात रेघ लुकलुकत होती.

“गाडी नीट लागलीय ना?” आतून दादाचा आवाज आला. घोगरा होता.

धाकटीची बोटं कळांवर तशीच राहिली. खूप वेळ गेला. आबांना एवढा वेळ पूर्वी कधीच लागत नसे.

“हो,” टॅबलेट म्हणाला.

आईनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग पलंग करकरला, म्हणजे कुणीतरी काठावर बसलं असावं.

धाकटीनं आधी बरंच काही लिहिलं. नंबर कसे उतरले, निरोप कसा जातो, चूक कुठं झाली. वाचून पाहिलं आणि सगळं पुसून टाकलं. मग लिहिलं :

‘माणसांना बोलावण्याचं बटण चालतं. पहिले दोन नंबर मी चुकीनं पुसले होते, ते पुन्हा घातले आहेत. तिसरं बटण तुम्ही ११.४० ला दाबलंत. माणूस २.२० ला आला. रस्ता लांबचा होता.’

तिचा फोन वाजला. आबांना पाणी हवं होतं. तिनं ‘पाठवा’ दाबलं आणि ती उठणार, तेवढ्यात दादाच आतून बाहेर आला, स्वयंपाकघराच्या दारात गोंधळून उभा राहिला, आणि म्हणाला, “बारके, भांडी कुठं ठेवता गं हल्ली?”